काम काय, वेळ किती, दाम किती?

कॉटन मार्केटमध्ये पालकाच्या एका जुडीसाठी चार दुकाने पालथी घालणारी आपली गृहिणी पार्लरच्या खुर्चीत बसली, की एकाएकी मुकी होते. ‘याचे किती घेणार?’ हा साधा प्रश्न तिच्या ओठांवर येतो आणि तेथेच विरून जातो. पुरुषांची गतही निराळी नाही. संत्र्यांच्या डझनामागे पाच रुपयांची घासाघीस करणारे गृहस्थ दाताच्या डॉक्टरपुढे तोंड उघडतात, ते फक्त दात दाखविण्यासाठी! वस्तूचा भाव विचारताना आपल्याला संकोच वाटत नाही; हाताच्या कामाचा भाव विचारताना मात्र वाटतो.

याचे कारण उघड आहे. पालकाची जुडी आवडली नाही तर खाली ठेवून पुढे जाता येते. पण एक भुवई कोरून झाल्यावर, किंवा केसांना अर्धा रंग लावून झाल्यावर, कोण उठून जाणार? शिवाय वस्तूला वजन असते, माप असते, वेष्टनावर सर्व करांसह छापलेली किंमत असते. हाताच्या कामाला वेष्टन नाही. ते काम करणाऱ्याच्या बोटांतून निघते आणि गिऱ्हाइकाच्या अंगावरच संपते. म्हणून ज्या धंद्यात गिऱ्हाईक आगाऊ वेळ ठरवून येते, तेथे दरपत्रक हेच त्या कामाचे वेष्टन समजावे, असे माझे मत आहे.

हे मत मी हवेतून आणलेले नाही. टपाल खात्यात ३४ वर्षे मी खिडकीमागे बसलो. काय पाठवायचे, किती वजनाचे, किती आकार, हा हिशेब जन्मभर केला. निवृत्तीनंतर प्रतापनगरात राहणाऱ्या माझ्या भाचीने एक काम माझ्या गळ्यात घातले. ती स्वतःचे लहानसे पार्लर चालविते. तीन खुर्च्या, हाताखाली दोन मुली, आणि घरचा निम्म्याहून अधिक खर्च त्याच कमाईवर. ती म्हणाली, “मामा, तुमचं अक्षर चांगलं आहे, तर पार्लरची नवी पाटी तुम्हीच लिहून द्या.” अक्षराचे काम एका दुपारचे होते. पाटीवर काय लिहावे हे ठरविण्यात मात्र दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत जे उमगले ते सांगण्यासाठी हा लेख.

खळ्यावरचा हिशेब

आपल्याकडे कामाचा भाव लिहून ठेवण्याची रीत जुनी नाही, कारण तशी गरजच नव्हती. गावातला न्हावी, सुतार, लोहार, परीट यांना प्रत्येक कामाचे वेगळे दाम मिळत नसे. सुगी झाली की खळ्यावरून त्यांचा धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, त्यांना मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ या पुस्तकात या व्यवहाराचे मोठे बारकाईने वर्णन आहे. कोणाचे काय काम, कोणाचा किती हक्क, हे पिढ्यान्‌पिढ्या पाठ असे. त्या व्यवस्थेत कोणी कोणते काम करावे हे जात ठरवीत असे, आणि वाटा कमी मिळाला तर गरिबाची दाद लागणे कठीण. तेव्हा तिचे गोडवे मी गाणार नाही. पण एक गोष्ट खरी, की काम करणारा आणि करवून घेणारा हे दोघेही एकमेकांना ओळखत होते.

शहरात ही ओळख उरत नाही. आज प्रतापनगरातल्या पार्लरमध्ये बँकेतल्या बाई येतात, वसतिगृहातली गोंदियाची मुलगी येते, डिसेंबरात परदेशाहून माहेरी आलेली लेक येते. यांतली कोणीही दुसरीला ओळखत नाही. पाठ असलेला हिशेब संपला, आणि लिहिलेला हिशेब अजून सर्वत्र आलेला नाही. या दोहोंच्या मधल्या पोकळीत सारे गैरसमज जन्म घेतात.

अर्ध्या आण्याचा धडा

या पोकळीतून बाहेर पडण्याची वाट माझ्या जुन्या खात्याने फार पूर्वी दाखवून ठेवली आहे. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचा आकार किती अंतर आणि किती कागद यांवरून ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. आकडा आधी कोणालाच ठाऊक नसे. लोकही मग वस्ताद झाले. पाकिटावरच काही खूण करून ठेवायची. घेणाऱ्याने ती पाहून खुशाली समजून घ्यायची आणि ‘नको’ म्हणून पत्र परत करायचे! खात्याने काम केले, पण दाम बुडाले. रोलंड हिल या गृहस्थाने १८३७ मध्ये एक पुस्तिका लिहून सांगितले, की अंतराचा घोळ काढून टाका, वजनावर एकच स्वस्त दर ठेवा आणि पैसे आधी घ्या. १८४० साली ते अमलात आले आणि टपालाच्या तिकिटाचा जन्म झाला.

हिंदुस्थानात हीच व्यवस्था १ ऑक्टोबर १८५४ पासून सुरू झाली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. त्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा केले, हे कोणी नागपूरकर विसरणार नाही. पण त्याच डलहौसीच्या कारकिर्दीतला हा अर्ध्या आण्याचा दर मात्र रयतेच्या सोयीचा ठरला. साध्या माणसाला पत्र टाकण्यापूर्वीच खर्च कळू लागला.

यातला धडा तीन शब्दांचा आहे: मोजायला सोपे, आधी कळणारे, सर्वांना सारखे. पार्लर असो, शिंपी असो, छायाचित्रकार असो की गाण्याची शिकवणी, पाटी लिहिताना हे तीन शब्द समोर ठेवावेत.

सरकारने लिहिलेली पाटी

आपल्या राज्यात एकदा चक्क सरकारनेच पार्लरची पाटी लिहून दिली होती, याची आठवण फार थोड्यांना असेल. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि केशकर्तनालये व पार्लरे बंद झाली. तीन महिने हातावर पोट असणाऱ्यांची जी दैना झाली ती सांगायला नको. पुढे महाराष्ट्र सरकारने २८ जून २०२० पासून त्यांना दार उघडण्याची परवानगी दिली. तीत अटी होत्या. केस कापणे, केस रंगविणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग अशी निवडक कामेच करावीत. त्वचेशी संबंधित कामे तूर्त करू नयेत. ही गोष्ट दुकानात ठळकपणे लिहून लावावी. आणि गिऱ्हाइकाने आगाऊ वेळ घेऊनच यावे. प्रत्येक कामानंतर खुर्ची निर्जंतुक करायची आणि टॉवेल एकदाच वापरून टाकून द्यायचा, हेही त्यात होते.

दाढी आणि फेशियल त्या यादीत बसत नव्हते. ज्यांची कमाई दाढीवर चाले, त्या नाभिक बांधवांना ही अट जाचक वाटली, आणि ते साहजिकच होते. पण धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या एका कागदाने मोठी गोष्ट घडविली. काय मिळेल, काय मिळणार नाही आणि कसे यायचे, हे तिन्ही दारावरच वाचता येऊ लागले. माझी भाची सांगते, की तोपर्यंत तिच्याकडे बायका वाटेल तेव्हा येत आणि बाकावर तासन्‌तास बसत. फोन करून वेळ घ्यायची सवय तिच्या गिऱ्हाइकांना त्या पावसाळ्यात लागली आणि साथ ओसरल्यावरही ती टिकली.

सवय टिकली, पण पाटी मात्र पुन्हा जुन्या वळणावर गेली. बंद कामे सुरू झाली, त्यांत नवी नवी भर पडत गेली, आणि भिंतीवर एक भले मोठे रंगीत फलक आले. त्यावर एका परदेशी युवतीचे चित्र आणि चित्राच्या बाजूला बेचाळीस कामांची नावे!

दोन प्रसंग

त्या बेचाळीस नावांनी काय केले, ते दोन प्रसंगांवरून कळेल. दोन्ही भाचीनेच मला सांगितले.

पहिला एका लग्नाचा. ‘ब्रायडल पॅकेज’ म्हणून रक्कम ठरली, निम्मे पैसे मिळाले. लग्नाच्या दिवशी भाची पहाटे चारला मंगल कार्यालयात हजर. नवरीचा मेकअप, केशरचना, साडी झाली. मग नवरीच्या आईने साडी नेसवून मागितली, मग मावशीने, मग दोन करवल्यांनी अंबाडे घालून घेतले. भाचीला वाटले, याचे निराळे मिळणार. त्या मंडळींना वाटले, ‘पॅकेज’ म्हणजे सगळे आलेच. अकरा वाजता हिशेबाची वेळ आली आणि बोलाचाली झाली. नवरीच्या डोळ्यांत पाणी आले, काजळ पसरले, ते भाचीनेच पुन्हा नीट केले. जास्तीच्या कामाचा एक पैसाही मिळाला नाही. यात कोणीही लबाडी केली नव्हती, हेच वाईट. एकाच शब्दाचे दोघांनी दोन अर्थ केले होते.

दुसरा प्रसंग याहून लहान, पण मला अधिक लागला. कॉलेजातली एक मुलगी केस रंगवायला आली. फलकावर होते ‘कलर – ८०० पासून’. तिचे केस कमरेपर्यंत. काम झाल्यावर रक्कम सांगितली गेली १८००. मुलीने पर्स उघडली, मोबाईल पाहिला, मैत्रिणीला फोन करून पैसे मागविले आणि खाली मान घालून निघून गेली. ती पुन्हा कधी आली नाही. तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीही आल्या नाहीत. भाचीने सामान आणि वेळ धरून रास्तच पैसे घेतले होते. पण ते आधी न सांगितल्यामुळे त्या मुलीला चार बायकांसमोर जी शरम वाटली, तिची किंमत कोणत्या वहीत मांडणार?

बेचाळिसातून सतरा

पाटी लिहायला बसण्यापूर्वी आम्ही मागील तीन महिन्यांची वेळ नोंदविण्याची वही उघडली आणि प्रत्येक कामापुढे रेघा मारीत गेलो. बेचाळीसपैकी एकोणीस कामे तीन महिन्यांत कोणी एकदाही मागितली नव्हती. काही नावे तर अशी होती, की एकाच फेशियलला तीन कंपन्यांच्या मालावरून तीन नावे पडलेली. भाची म्हणाली, “पण मामा, नावं जास्त असली की पार्लर मोठं वाटतं ना!”

वाटते खरे, पण गिऱ्हाईक गोंधळते. याबाबत अमेरिकेतली दोन उदाहरणे मी तिला सांगितली. मॅकडोनाल्ड बंधूंचे सॅन बर्नार्डिनो गावातले उपाहारगृह चांगले चालत होते. १९४८ मध्ये त्यांनी ते काही काळ बंद ठेवले, पंचवीसएक पदार्थांची यादी नवावर आणली आणि मग पुन्हा उघडले. पुढे त्या नावाचे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. दुसरे उदाहरण शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचे. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात मुरंब्याच्या बाटल्या चाखायला मांडल्या. कधी चोवीस प्रकारचे, कधी सहा. चोवीस पाहायला लोक जास्त थांबले, पण विकत घेतले शंभरात तिघांनी. सहांपाशी थांबलेल्यांपैकी शंभरात तिसांनी घेतले. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. पुढच्या संशोधकांना प्रत्येक वेळी असेच आढळले नाही, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा आकडा कमी म्हणजे धंदा जास्त असे गणित कोणी मांडू नये. आपल्या वहीतल्या रेघा काय सांगतात ते पाहावे.

आम्ही सतरा कामे ठेवली आणि चार गट पाडले: केस, चेहरा, हातपाय, समारंभ. गिऱ्हाईक मनात गट घेऊनच येते. ‘केसांचे काही करायचे आहे’ असेच ती म्हणते. नावे तिच्या तोंडची ठेवली. आयब्रो, अप्पर लिप, वॅक्सिंग, क्लीनअप, फेशियल हे शब्द आता नागपुरात मराठीच झाले आहेत. त्यांना संस्कृत अंगरखे घालण्यात अर्थ नाही. पण ‘गोल्डन रॉयल ग्लो’ असली नावे काढून टाकली आणि ‘फेशियल, साधे’ व ‘फेशियल, समारंभासाठी’ अशी दोन ठेवली. प्रत्येकाखाली एका ओळीत, त्यात काय येते ते लिहिले. फलकाची लिपी देवनागरी. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या दोघीही ती वाचतात, आणि आपल्या शहरात या दोघी एकाच बाकावर बसतात.

‘पासून’ची हकालपट्टी

‘पासून’ हा शब्द दिसायला गरीब, पण सगळ्या भांडणांचे मूळ. ८०० पासून म्हणजे कोठपर्यंत? केसांची लांबी सारखी नसते हे मान्य. मग टपालाच्या तोळ्यासारख्या पायऱ्या करा. आम्ही तीन केल्या: खांद्यापर्यंत, पाठीपर्यंत, कमरेपर्यंत. तिन्हींचे दर निरनिराळे आणि पक्के. आरशाच्या कडेला त्या उंचीवर तीन खुणाही केल्या, म्हणजे वाद नको.

लग्नाच्या कामाला हीच युक्ती लावली. ‘पॅकेज’ शब्दाखाली दोन रकाने: ‘यात येते’ आणि ‘यात येत नाही’. नवरीचा मेकअप, केशरचना, साडी नेसवणे आणि आधी एक ट्रायल, हे पहिल्या रकान्यात. आई, मावशी, करवल्या यांचे प्रत्येकी दर दुसऱ्यात. कार्यालयात यायचे असल्यास प्रवासखर्च तोही दुसऱ्यात. माझा अनुभव असा, की काय येत नाही हे लिहायला दुकानदार बिचकतो. आणि नेमके तेच लिहिल्याने पुढचे भांडण वाचते.

आणखी एक नियम पाटीच्या तळाशी घातला: ‘जास्तीचे काम लागल्यास आधी सांगू, तुमच्या होकाराशिवाय करणार नाही.’ ही ओळ सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे.

वेळेचा आकडा

दर लिहिणारे पुष्कळ भेटतील, वेळ लिहिणारे थोडे. पण आगाऊ वेळ देऊन चालणारा धंदा मुळात वेळच विकतो. दुपारी तीन ते चारची रिकामी गेलेली खुर्ची संध्याकाळी विकता येत नाही. शिळ्या भाजीला निदान अर्धा भाव तरी येतो! म्हणून प्रत्येक कामापुढे दरासोबत मिनिटे लिहिली. आयब्रो १० मिनिटे, क्लीनअप ४०, फेशियल ७५, केसांची मुळे रंगविणे ९०. गिऱ्हाइकाला ऑफिसची मधली सुट्टी पुरेल की नाही हे कळते, आणि फोनवर वेळ देणाऱ्या मुलीलाही अंदाज करावा लागत नाही.

यातही एक खुबी आहे. केस रंगविताना दीड तासातला अर्धाएक तास रंग मुरण्यात जातो. तेवढा वेळ खुर्ची अडलेली असते, पण हात मोकळे असतात. म्हणून वहीत दोन रकाने हवेत, एक खुर्चीचा आणि एक हातांचा. रंग मुरत असताना शेजारच्या खुर्चीत दोन आयब्रो होऊन जातात. शिवाय दर दोन गिऱ्हाइकांमध्ये दहा मिनिटे सफाईसाठी राखून ठेवायची, ही २०२० सालची शिकवण आम्ही सोडलेली नाही.

रंगाच्याच कामाला आणखी एक जोड लागते. केसांच्या रंगाने काहींच्या कातडीला खाज येते, सूज येते. म्हणून दोन दिवस, म्हणजे ४८ तास आधी, कानामागे थोडा रंग लावून पाहावा, असे रंगाच्या खोक्यातल्या कागदावरच लिहिलेले असते. तो कागद कोणी वाचीत नाही. आम्ही पाटीवर लिहिले: ‘पहिल्यांदा रंग लावणाऱ्यांनी दोन दिवस आधी ५ मिनिटांसाठी येऊन जावे. याचे पैसे नाहीत.’

वेळेचा आकडा लिहिल्यावर दराचा आकडाही तपासता येतो. समजा, फेशियलचे ८०० रुपये घेतले आणि सामानाला २५० लागले. उरले ५५०. काम सव्वा तासाचे, म्हणजे तासाला ४४० रुपये. त्यातून जागेचे भाडे, वीज आणि मुलींचा पगार जायचा. भाचीने असा हिशेब प्रथमच केला आणि तिला दिसले, की ज्या कामाचा तिला फार अभिमान होता, त्यातच तिला तासामागे सर्वांत कमी मिळत होते.

नागपूरचे ऋतूही या वहीत धरावे लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना दुपारी एक ते पाच कोण बाहेर पडणार? तेव्हा उन्हाळ्यात सकाळी सातला दार उघडायचे आणि दुपारी बंद ठेवायचे. महालक्ष्म्यांच्या आधीचे चार दिवस आणि तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई यांत वेळ मिळणे कठीण. डिसेंबरात अधिवेशन असले की मोर्च्यांमुळे सीताबर्डीकडून येणारीला उशीर व्हायचाच. त्या दिवसांत दोन वेळांमधले अंतर वाढवून ठेवलेले बरे.

इसार, पावती आणि ओळख

वेळ घेऊन न येणाऱ्यांचे काय? यावर इसार हाच उपाय. पण तो सर्वांकडून मागणे म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकावर अविश्वास दाखविणे होय. आम्ही एक तासाहून मोठ्या कामालाच इसार ठेवला, तोही पंचवीस टक्के. आदल्या दिवशी कळविल्यास पूर्ण परत, न कळविल्यास जप्त. आणि त्याखालीच लिहिले, की आमच्याकडून वीस मिनिटांहून जास्त खोटी झाली, तर इसार परत घ्या किंवा दुसरी वेळ घ्या. भाचीला हे पटत नव्हते. “मामा, हे तर आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून राहिले तुम्ही!” पण नियम एकाच बाजूला बांधील असला तर त्याला कोणी नियम म्हणत नाही.

कायद्याचेही थोडे पाहिले पाहिजे. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेचा दर्जा आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे, आणि पावती नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. रुग्णालयांना तर महाराष्ट्रात २०२१ च्या नियमदुरुस्तीने दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन घातले. पार्लरच्या कामावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मात्र ज्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला हा कर गिऱ्हाइकाकडून घेताच येत नाही. भाची याच वर्गातली. म्हणून पाटीवर ‘या दरांव्यतिरिक्त काहीही नाही’ असे लिहिता आले.

राहिला प्रश्न ओळखीचा. आपल्याकडे शेजारीण, नणंद, मुलाची शिक्षिका, सगळ्याच ‘आपल्या’ असतात. त्यांना पाटी दाखवावी कशी? माझे उत्तर असे, की पाटीवर दर पूर्ण असावा आणि सवलत मनापासून द्यावी. पावतीवर ८०० लिहून १०० कमी केले, तर शेजारणीला शंभराची माया दिसते. तोंडी ७०० सांगितले, तर तिला तेच जास्त वाटतात!

पाटीने काय दिले

नव्या पाटीला आता वर्ष होत आले. चमत्कार झालेला नाही. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी दर वाचून नाक मुरडले आणि त्या दुसरीकडे गेल्या. एकीने विचारले, “ताई, एवढे नियम कायले वो?” पण गेल्या लगीनसराईत भाचीने अकरा नवऱ्या सजविल्या आणि एकाही मांडवात बोलाचाली झाली नाही. एका ठिकाणी आत्याबाईंनी साडी नेसवून मागितली, तेव्हा नवरीच्या धाकट्या भावानेच मोबाईलवर दरपत्रक उघडून सांगितले, “आत्या, तुझे तीनशे वेगळे हं!” सगळे हसले आणि तीनशे मिळाले. हाताखालच्या मुली पूर्वी रात्री साडेनवापर्यंत अडकून पडत. आता आठला बाहेर पडतात आणि त्यांना शहर बस मिळते. माझ्या मते पाटीची खरी कमाई ही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी वही पूजेला मांडतो. ज्यांचा धंदा आगाऊ वेळ देऊन चालतो, त्या शिंपीदादांनी, पार्लरवाल्या ताईंनी, शिकवणी घेणाऱ्या गुरुजींनी यंदा जुन्या वहीतल्या रेघा मोजून एक नवी पाटीही लिहावी. काम काय, त्यात काय येते आणि काय येत नाही, वेळ किती, दाम किती, न आल्यास काय. एवढे एका कागदावर मावते. तो कागद घरातल्या अशा एखाद्या माणसाला वाचायला द्यावा, की ज्याला त्या धंद्यातले काही कळत नाही. त्याने एकही प्रश्न न विचारता तो खाली ठेवला, तर पाटी खुशाल भिंतीवर लावावी.